हिरव्या पिशवीतली हवा

टोपली वर ओढताना दोर हाताला नेहमीइतकाच लागत होता, वजनात काही फरक नव्हता, त्यामुळे विजदान बेसावध होती. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून तिनं टोपली आत घेतली आणि तिचा हात टोपलीच्या कडेवरच राहिला. आत सगळं सांगितल्याप्रमाणे होतं: पांढऱ्या चीजची बरणी, ऑलिव्हची बरणी, दोघींची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये खोचलेला जुना लोकरी मोजा, कापडात बांधलेल्या गरम भाकऱ्या. आणि त्या भाकऱ्यांवर, कुणी अलगद उचलून ठेवावी तशी, एक हिरवी प्लॅस्टिकची पिशवी. रिकामी. रिकामी म्हणजे हवेनं भरलेली, गच्च फुगलेली, आणि तोंडाशी दोन कान काढून गाठ मारलेली. पिशवीवर पांढऱ्या अक्षरांत 'हलवाई रैहान' असं होतं, त्यातली अर्धी अक्षरं धुवून धुवून गेलेली होती. रैहानचं दुकान बंद पडून त्या जागी मोबाइलवाला आला, मोबाइलवाला जाऊन दातांचा डॉक्टर आला. आणि दोन कानांची ती गाठ या जगात एकच बाई मारत असे. ती रमजानच्या आधीच गेली होती.

'अम्म शाझली!' विजदान खाली ओरडली. अम्म म्हणजे काका. पण हा वाणी काका तिच्याहून चांगला चार वर्षांनी लहान होता. टक्कल आणि दुकान या दोन गोष्टींमुळे गल्लीनं त्याला लवकर काका करून टाकलं होतं. 'पिशवी कशाला घातलीस रे? किती वेळा सांगायचं?'

'कसली पिशवी?' शाझलीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. 'सित्त विजदान, तुमच्या टोपलीत पिशवी घालायची माझी छाती आहे का? मागे एकदा साखरेची घातली तर तुम्ही दोरानं परत पाठवली, वर शिव्या पाठवल्या. दोन बरण्या आणि भाकऱ्या. पोरांची शपथ!'

'मग ही आली कुठून?'

'वाऱ्यानं आली असेल. केरसुणी निघालीय समुद्रावरून, वास येत नाही का? दारं लावून घ्या, आणि तेवढी चीजची रिकामी बरणी पुढच्या वेळी धुवून पाठवा. माझं दुकान आहे, हमामखाना नाही!'

त्याला चौथ्या मजल्यावरची टोपली आतून दिसणं शक्य नव्हतं. अलेक्झांड्रियाची वादळं पंचांग पाहून येतात. नोव्हेंबरातल्या पहिल्या वादळाला इथे केरसुणी म्हणतात, कारण ते आकाश झाडून काढतं. अन्फूशीच्या बाजूनं आभाळ काळं होत आलं होतं. वाऱ्यानं आली असेल, ती मनात म्हणाली, आणि पिशवी दोन बोटांनी कानाला धरून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. आठ महिन्यांत त्या टेबलावर प्लॅस्टिक असं हे पहिलंच.

आईला, गल्लीच्या सित्त इन्साफला म्हणजे इन्साफबाईंना, पिशवी टाकणं ठाऊकच नव्हतं. माशांची आलेली पिशवी लिंबानं धुवायची, औषधांची कोमट पाण्यानं, मग बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. समोरच्या इमारतीतल्या बायका चादरी वाळत घालत तशा आईच्या पिशव्या ओळीनं फडफडत असत. लहानपणी विजदानला त्याची लाज वाटे. शाळेतल्या मैत्रिणी रस्त्यावरून जाताना वर बघत आणि म्हणत, तुमच्याकडे आज काय, पिशव्यांचं लग्न? वाळली की आई पिशवीत तोंड घालून फुंकायची, मुठीनं तोंड आवळायची आणि पिशवी गालाजवळ धरून ऐकायची. कुठून सुस्कारा येतो का. नाही आला, तर ती पिशवी पिठाची, साखरेची. तिची त्रिकोणी घडी होऊन गादीखाली जायची. आला, तरी ती फेकायची नाही. उलट तिला विणकामाच्या सुईनं आणखी भोकं पाडायची आणि पालेभाजीसाठी ती दाराआडच्या खिळ्याला लटकवायची, कारण मुलुखियाची पानं बंद पिशवीत घुसमटतात, काळी पडतात. 'ज्यात जीव ठेवायचा त्याला भोक पाहिजे,' आई म्हणायची, आणि सुई टोचताना तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची दया असे. टीव्हीवर कोणीतरी एकदाच वापरायच्या पिशव्यांबद्दल बोललं तेव्हा ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. 'एकदाच वापरायची? अगं, एकदाच वापरायचं असतं ते फक्त कफन.'

आणि कफन आलं तेच प्लॅस्टिकच्या पिशवीतून. विजदानला त्या दुपारचं दुसरं काहीच धड आठवत नाही. कोण रडत होतं, कोण दार अडवून उभं होतं, काही नाही. एवढंच आठवतं, की न्हाऊ घालणाऱ्या बाईनं कफनाचं कापड बाहेर काढून पिशवी तिच्या हातात दिली आणि तिची बोटं आपोआप त्या पिशवीची त्रिकोणी घडी घालू लागली. एक घडी, दुसरी घडी, कोपरा आत. समोर आई होती. न्हाऊ घालणारी बाई बघत राहिली. विजदाननं आपल्या बोटांकडे पाहिलं तेव्हा तिला स्वतःची अशी काही किळस आली की आजही ते आठवलं की तिचे तळहात गार पडतात. चाळीसावा दिवस होईपर्यंत तिनं घर उलटंपालटं केलं. गादीखालचे त्रिकोण, खिळ्याच्या पिशव्या, पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या. कचरेवाल्याला तीन खेपा कराव्या लागल्या. त्यात त्या फुगवलेल्याही होत्या. शेवटच्या महिन्यांत छातीच्या डॉक्टरनं आईला फुगे फुगवायला सांगितलं होतं, फुप्फुसांना व्यायाम म्हणून. 'मी काय जत्रेतलं पोर आहे?' म्हणत आईनं फुगे परत पाठवले आणि पिशव्या फुगवायला घेतल्या. पलंगावर बसून एकेक पिशवी फुंकायची, दोन कानांची गाठ मारायची आणि पायथ्याशी ठेवायची. दुपारच्या अजानच्या वेळी फुगवलेली संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, तर त्या दिवशी आई पोटभर जेवायची. खोली पिशव्यांनी भरून गेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आई श्वासासाठी तोंड उघडून बसलेली असे. ती गेली त्या दिवशी खमसीनची, वाळवंटावरून येणाऱ्या वाऱ्याची, धूळ होती. 'दार उघड ग, हवा येऊ दे,' आई म्हणाली. 'धूळ आहे आई, खोकला येईल,' विजदान म्हणाली आणि बाल्कनीचं दार तिनं उघडलं नाही. यात चूक काहीच नव्हती, कुणीही तेच केलं असतं. पण तेव्हापासून ते दार उघडताना तिला कडीपाशी थोडं थांबावं लागायचं.

तर त्यानंतर तिनं घरात प्लॅस्टिक यायचं बंद केलं. मुलगी नशवा खूश झाली, तिनं कापडी पिशव्या आणून दिल्या; त्या कापडी पिशव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या निघाल्या तेव्हा दोघी आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या. सकाळची पावट्याची उसळ आता अल्युमिनियमच्या डब्यातून वर यायची, दही मातीच्या मडक्यातून. पाण्याच्या बाटल्या गेल्या आणि जुना माठ पुन्हा मोरीजवळ आला. भांडी घासायला दोडक्याची जाळी आली, शाम्पूच्या जागी साबणाची वडी. शाझलीनं सुरुवातीला सगळ्या गल्लीची करमणूक केली. 'आल्या बरण्या, प्रयोगशाळा उघडली!' तो ओरडायचा. 'नव्याचे नऊ दिवस, सित्त, नव्याचे नऊ दिवस!' पण नऊ दिवस गेले, उन्हाळा गेला, आणि शाझलीच स्वतः बरण्यांच्या मध्ये मोजा खोचायला शिकला. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या विजदानला शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. घर हलकं झालं होतं, कपाटं उघडली की मोकळी जागा दिसायची. फक्त कधीकधी त्या मोकळ्या जागेकडे बघताना तिला वाटायचं की तिथलं काहीतरी आपण न बघताच बाहेर दिलं. आईच्या फुंकरीच्या त्या सगळ्या पिशव्या कचरेवाल्यानं गाडीत दाबून दाबून बसवल्या असणार. एकेक फुटली असणार. हा विचार आला की ती उठून काहीतरी घासायला घ्यायची.

वादळ दुपारी आलं. समुद्र रस्त्यावर चढला, ट्राम बंद पडल्या, खिडक्यांच्या फटींतून खारा पाऊस आत येऊ लागला. विजदाननं सगळी दारं लावली, फटींत फडकी कोंबली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली, तर पिशवी टेबलावर नव्हती. ती दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर होती, कान वर करून. वारा आत शिरतोय कुठून तरी, तिनं स्वतःला समजावलं, आणि पिशवीला ओलांडून आत गेली. ओलांडताना तिनं नकळत झगा उचलून धरला. चहा उकळेपर्यंत ती पिशवीकडे पाठ करून उभी होती, आणि पाठीमागे काही आवाज नव्हता. आवाज नव्हता हेच तिला सोसेना. तिनं मान वळवली. पिशवी किंचित सैल झाली होती, पोट आत गेलं होतं. ती बघत असतानाच सावकाश पुन्हा भरली. बाहेर वाऱ्याचा झोत आला की दाब बदलतो, बंद घरात असं होत असणार, तिनं चौथीच्या मुलांना हवेचा दाब शिकवला होता. तिनं फळ्यावरची आकृतीसुद्धा आठवून पाहिली. पण झोत यायचा तेव्हा पिशवी स्वस्थ असे आणि झोत थांबला की भरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घरातल्या बोळात होती. दुपारी आईच्या खोलीच्या दारात. ती सरकताना विजदानला कधी दिसली नाही. बघावं तेव्हा ती तिथेच असल्यासारखी असायची. फडताळातल्या रिकाम्या बरण्या, झाकणं घट्ट लावलेल्या, आतल्या बाजूनं धुरकटल्या होत्या. तिनं एक उघडून आत बोट फिरवलं, काच कोमट होती. मग तिला जाणवलं की आपण श्वास रोखून चालतोय, सकाळपासून, घरात झोपलेलं माणूस असावं तसं. पिशवी सैल होई तेव्हा तिची छातीही सैल होई, आणि पिशवी भरायला वेळ लागला की तिचा श्वासही अडून राही. आईच्या शेवटच्या आठवड्यात असंच झालं होतं. आईचा एक श्वास सुटला आणि दुसरा आला नाही की तीही थांबायची, आला की दोघी घ्यायच्या. तेव्हा ती मनातून म्हणायची, संपव बाई एकदाचं. आणि त्याच दमात, नको.

'फेकून दे!' नशवा फोनवर म्हणाली. तिचा आवाज वादळात तुटत होता. 'एक घाणेरडी पिशवी ती काय, आणि तू आवाज का बारीक करतेस? घरात कोण आहे?'

'कोणी नाही.'

'मग मोठ्यानं बोल. आई, ऐक, टाचणी घे आणि फोड. नाहीतर मी शुक्रवारी येते तेव्हा मी फोडते.'

'तुझ्या आजीची आहे ती.'

'आजीच्या सगळ्या तू देऊन टाकल्यास. तूच म्हणालीस एकही ठेवली नाही.'

'एक राहिली असेल.'

'आई, आठ महिने पिशवीत हवा राहत नाही. आठ दिवस राहत नाही. तू काही खाल्लंस का?'

'दारं लागलीत सगळीकडे,' विजदान म्हणाली, 'तिला बाहेर जायचंय,' आणि मग आपण काय बोललो ते ऐकून तिनं फोन ठेवला. परत वाजला तेव्हा उचलला नाही.

कारण तिसऱ्या दिवशी पिशवी बाल्कनीच्या दाराशी होती. काचेला टेकून, दोन्ही कान काचेला लावून. पलीकडे वारा ओरबाडत होता आणि अलीकडे ती तिथेच, हलत नव्हती. विजदान जमिनीवर तिच्यासमोर बसली. आता ती स्वतःला हवेच्या दाबाबद्दल काही सांगत नव्हती. आत आईचा श्वास आहे, एवढंच तिला दिसत होतं. जिला शेवटी हवा पुरली नाही तिचा एक पुरा श्वास, धरून ठेवलेला, कोंडलेला. दार उघडलं तर पिशवी वाऱ्यावर जाणार, समुद्रात जाऊन पडणार, एखाद्या कासवाच्या घशात अडकणार. आईला घराबाहेर काढायचं तर प्लॅस्टिक समुद्रात टाकायचं. इतका मेला हिशेबी विचार या वेळी सुचावा याचं तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. फोडायची तर आईच्या तोंडावर फट्कन मारल्यासारखं. गाठ सोडायची तर तो श्वास निघून जाणार, पुन्हा कुठेच मिळणार नाही, फोटोत नाही, कपड्यांत नाही. आणि तशीच ठेवायची तर आई अशीच राहणार, दाराशी, दार उघड ग म्हणत. ठेवणं आणि सोडणं यांतलं कुठलं पाप, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. तिला आई हवी होती. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला, जिला नातू आहे, तिला आई हवी होती आणि तिची भीतीही वाटत होती, आणि दोन्ही इतकं एकत्र होतं की वेगळं करता येत नव्हतं.

दुपारनंतर वारा एकदम पडला. केरसुणी अशीच जाते, काम आटोपलं की. त्या शांततेत विजदाननं पिशवी मांडीवर घेतली. पहिल्यांदाच दोन्ही हातांनी. ती कोमट होती. दोन कानांची गाठ नखानं सुटेना, तेव्हा तिनं आई करायची तसं बोट ओलं करून गाठीला लावलं, आणि गाठ सैल झाली. तिनं चेहरा जवळ नेला. लांब, सावकाश, मध्ये एकदा अडखळून पुन्हा सुरू झालेला, असा तो श्वास तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, ओठांवरून गेला. त्याला पुदिन्याचा वास होता. आई चहात पुदिना घालायची, औषधासारखा, दिवसातून चार वेळा. मग पिशवी मांडीवर पडली, चुरगळलेली, एका पिशवीचं जेवढं वजन असतं तेवढ्या वजनाची. विजदान हुंदके देऊन रडली. आठ महिन्यांत ती अशी रडली नव्हती, आणि रडताना तिला वाटत होतं, झालं, आता झालं, गेली.

पिशवी टाकायचं मात्र तिच्या हातून होईना. तिनं ती लिंबानं धुतली, कोमट पाण्यानं खळबळली, बाल्कनीचं दार उघडून दोरीवर दोन चिमट्यांनी लावली. खाली सगळी गल्ली पिशव्यांनी भरली होती. समुद्रानं शहराचं शहराला परत केलं होतं. विजेच्या तारांवर, ट्रामच्या खांबांवर, मशिदीच्या कठड्यावर काळ्या, निळ्या, पांढऱ्या पिशव्या लटकत होत्या, आणि लोक खराटे घेऊन एकमेकांवर ओरडत होते. ऊन आलं. हिरवी पिशवी वाळली. विजदाननं ती काढून घेतली, आणि तिचे हात, ज्यांची तिला एकदा किळस आली होती ते हात, पुढचं काम न विचारता करू लागले. तिनं पिशवीत तोंड घालून फुंकलं, मुठीनं तोंड आवळलं, पिशवी गालाजवळ धरली.

हवा तिच्या गालावर आली. मानेवर आली, मनगटांवर आली, हनुवटीखाली आली. पिशवी तिच्या मुठीत मिटून गेली. तिनं पुन्हा फुंकलं, जोरात, आणि पुन्हा तेच. मग तिनं पिशवी उन्हासमोर धरली. भोकं होती. वरपासून खालपर्यंत, ओळीनं, सारख्या अंतरावर, विणकामाच्या सुईची. आणि तेव्हा तिला ती पिशवी आठवली. रैहानची हिरवी, ती खिळ्यावरची होती, गादीखालची कधीच नव्हती. ती पुदिन्याची पिशवी होती. विजदानचं लग्न व्हायच्या आधीपासून आई त्या एकाच पिशवीत पुदिना ठेवत आली होती. तिच्यात पाणी राहिलं नसतं, पीठ राहिलं नसतं, मुंगीसुद्धा राहिली नसती. हवा तर एक क्षणही नाही.

विजदान कठड्याला धरून उभी राहिली. अंगावर काटा आला, तो खांद्यांवरून खाली उतरत पायांपर्यंत गेला. म्हणजे आई कोंडलेली नव्हती. तिला जायला पहिल्यापासून वाट होती, एक सोडून शंभर वाटा होत्या, काचेचं दार बंद असो की उघडं. ती अडकून राहिली नव्हती. ती तीन दिवस थांबली होती, आपण होऊन, मुलगी हात लावेपर्यंत.

'सित्त विजदान!' खालून शाझलीची हाक आली. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात हिरवीगार जुडी. 'जिवंत आहात ना? पुदिना आलाय, ओला आहे, टोपली सोडा! आणि त्यात काहीतरी घालायला पाठवा, नाहीतर पुन्हा माझ्या नावानं शंख कराल!'

तिनं हिरवी पिशवी टोपलीत ठेवली आणि दोर सोडला. टोपली मजल्यामागून मजला उतरत गेली. शाझलीनं पिशवी बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि वर बघितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

'ही तर तुमच्या आईची! मी पोर होतो तेव्हापासून हिच्यात पुदिना भरतोय. अजून आहे होय?'

'आहे,' विजदान म्हणाली. तिनं पाठीमागचं बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवलं आणि दोर ओढायला घेतला.